नावात कॉमा आला की एलडॅप लॉगिन अडतं: एरर ३४, एरर ३२ आणि रिकामा निकाल

एलडॅप म्हणजे वापरकर्ते आणि ग्रुप यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरशी बोलण्याचा प्रोटोकॉल. त्यावरून बाकी सगळे वापरकर्ते व्यवस्थित लॉगिन होतात, चारदोन जण मात्र कधीच होत नाहीत. पासवर्ड बदलून झाला, खातं अनलॉक करून झालं, तरी फरक नाही. मग कोणीतरी त्या नोंदीच्या नावातला कॉमा काढतं आणि गाडी सुरू होते. काही महिन्यांनी नवीन कोणीतरी ‘आडनाव, नाव’ अशा पद्धतीने नोंद तयार करतं आणि तीच तक्रार परत येते. कधी कॉमाऐवजी अधिकचं चिन्ह असतं, कधी सुरुवातीचा हॅश, कधी शेवटी राहून गेलेली स्पेस. लॉगिन होतं पण ग्रुप सापडत नाही, हाही याच घराण्यातला दोष.

नावात कॉमा असणं यात काहीच चूक नाही. डीएन, म्हणजे डिरेक्टरीतल्या नोंदीचं एकमेव असं पूर्ण नाव, ही मुळात स्ट्रिंग नाहीच. ती आरडीएनची क्रमवार यादी आहे, आणि प्रत्येक आरडीएन म्हणजे ॲट्रिब्यूट आणि व्हॅल्यू यांच्या एक किंवा अधिक जोड्यांचा संच. आपण वाचतो ती ओळ हे त्या यादीचं मजकुरातलं रूप. ते कसं लिहायचं हे आरएफसी ४५१४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात (जून २००६) ठरलेलं आहे. त्याआधी १९९७ चा २२५३ आणि १९९५ चा १७७९ होता. या रूपाला स्ट्रिंग समजून जोडाजोडी, तोडातोड किंवा तुलना केली की वरचे सगळे घोळ होतात.

खालच्या उदाहरणांत ॲट्रिब्यूटची नावं आणि हेक्स अंक उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत: सीएन (नोंदीचं नाव), ओयू (विभाग), डीसी (डोमेनचा तुकडा), आणि कॉमाचा हेक्स कोड २सी. प्रत्यक्ष टाइप करताना ॲट्रिब्यूटची नावं आणि हेक्स अंक लॅटिन लिपीतच द्यायचे. व्हॅल्यू देवनागरीत चालते, तिच्याबद्दल पुढे.

आधी एरर कोड नीट वाचा

नमुन्याची नोंद ही घेऊ:

सीएन=आडनाव\, नाव,ओयू=लेखा,डीसी=उदाहरण,डीसी=नेट

पहिला कॉमा व्हॅल्यूचा भाग आहे, म्हणून त्याच्याआधी बॅकस्लॅश (यालाच एस्केप करणं म्हणतात). बाकीचे तीन आरडीएन वेगळे करणारे. आता काय बिघडलं तर काय दिसतं ते पाहा.

बॅकस्लॅश वाटेत गळाला, तर सर्व्हर ‘सीएन=आडनाव’ इथे पहिला आरडीएन संपला असं समजतो आणि पुढे ‘प्रकार=व्हॅल्यू’ अशी जोडी शोधतो. तिथे नुसतं ‘नाव’ असतं, बरोबरचं चिन्ह नाही. उत्तर: ३४, डीएनचं व्याकरण चुकलं.

बॅकस्लॅश जास्त झाले तर गंमत संख्येवर अवलंबून असते. दोन झाले (\\,) तर ती जोडी मिळून एक खराखुरा बॅकस्लॅश होते आणि कॉमा पुन्हा उघडा पडतो, परत ३४. तीन झाले (\\\,) तर व्याकरण बरोबर, पण नावात एक जादाचा बॅकस्लॅश शिरलेला. अशी नोंद नसतेच, म्हणून ३२. कॉमाऐवजी लिहिलेलं हेक्स रूप (\२सी) दोनदा एस्केप झालं (\\२सी किंवा \५सी२सी) तरी हेच: व्हॅल्यूमध्ये बॅकस्लॅश, दोन आणि सी ही तीन अक्षरं जशीच्या तशी बसतात आणि ३२ मिळतो.

थोडक्यात ३४ दिसला तर सीमा मोडली आहे, ३२ दिसला तर तुम्ही व्याकरणाने शुद्ध पण दुसरंच नाव विचारलं आहे. ३२ सोबत सर्व्हर बहुधा ‘मॅच्ड डीएन’ही परत देतो, म्हणजे वरून खाली येताना कुठपर्यंतचा मार्ग सापडला ते. तो ‘ओयू=लेखा,…’ पर्यंत असेल तर झाड ठीक आहे, गडबड शेवटच्या आरडीएनमध्येच आहे. तो फक्त ‘डीसी=उदाहरण,डीसी=नेट’ एवढाच असेल तर ओयूचं नाव तपासा. बाइंड करताना, म्हणजे डीएन आणि पासवर्ड देऊन लॉगिन करताना, मात्र बहुतेक सर्व्हर ‘अशी नोंद नाही’ हे उघड न करता ४९ (ओळख पटली नाही) देतात, त्यामुळे पासवर्ड चुकल्यासारखं वाटतं. लोक पासवर्ड बदलत बसतात ते यामुळे.

आणि सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे कोणतीच एरर नाही, कोड ०, निकाल शून्य नोंदी. तो फिल्टरमधून येतो.

फिल्टरमध्ये डीएन: इथे दोन थर आहेत

‘हा वापरकर्ता कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे’ हे विचारताना डीएन फिल्टरच्या आत जातो. फिल्टरचे नियम वेगळे (आरएफसी ४५१५). तिथे तारका, दोन्ही गोल कंस, बॅकस्लॅश आणि शून्य कोडचं अक्षर एस्केप करावं लागतं, आणि तेही फक्त बॅकस्लॅश अधिक दोन हेक्स अंक याच पद्धतीने: तारका \२ए, डावा कंस \२८, उजवा कंस \२९, बॅकस्लॅश \५सी. कॉमाशी फिल्टरला काही देणंघेणं नाही.

डीएन जसाच्या तसा घातला तर:

(मेंबर=सीएन=आडनाव\, नाव,ओयू=लेखा,डीसी=उदाहरण,डीसी=नेट)

बॅकस्लॅशनंतर हेक्स अंक नाहीत, म्हणून बहुतेक लायब्ररी इथेच ‘फिल्टर चुकीचा’ म्हणून थांबतात. ओपनएलडॅपच्या साधनांत हा उणे ७. हे परवडलं, कारण निदान कळतं तरी.

आता तोच डीएन हेक्स रूपात, \२सी असा आला तर? फिल्टरचं व्याकरण त्याला खुशीने स्वीकारतं, उलगडून त्याचा साधा कॉमा करतं, आणि सर्व्हरच्या हाती ‘सीएन=आडनाव, नाव,…’ असा मोडका डीएन पडतो. तुलनेसाठी दिलेली व्हॅल्यूच अवैध, म्हणून नियमाप्रमाणे त्या अटीचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, ‘अनिश्चित’. अनिश्चित अटीवर नोंद परत येत नाही. शोध मात्र यशस्वी. विचारणाऱ्या प्रोग्रामला वाटतं हा माणूस कुठल्याच ग्रुपमध्ये नाही, आणि तो निमूटपणे परवानगी नाकारतो.

बरोबर रूप असं, डीएनमधल्या प्रत्येक बॅकस्लॅशच्या जागी \५सी:

(मेंबर=सीएन=आडनाव\५सी, नाव,ओयू=लेखा,डीसी=उदाहरण,डीसी=नेट)

\५सी२सी हेही चालतं. नावात कंस असतील, ‘नाव (लेखा)’ सारखे, तर डीएनमध्ये त्यांना काहीच करायचं नाही, फिल्टरमध्ये मात्र \२८ आणि \२९ लागतात. म्हणून ‘एकच एस्केप फंक्शन सगळीकडे’ हा उपाय नाही. प्रत्येक थराचं फंक्शन त्या थराला एकदा, आतून बाहेर: आधी व्हॅल्यूला डीएनचं, मग तयार डीएनला फिल्टरचं.

डीएनमध्ये नेमकं काय एस्केप करायचं

व्हॅल्यूमध्ये कुठेही: कॉमा, अधिक, दुहेरी अवतरण, बॅकस्लॅश, लहान-मोठ्याची दोन्ही चिन्हं, अर्धविराम. फक्त सुरुवातीला: स्पेस आणि हॅश. फक्त शेवटी: स्पेस. शून्य कोडचं अक्षर नेहमी \०० असंच. बरोबरचं चिन्ह एस्केप केलं तर चालतं, पण गरज नाही. बाकी कुठल्याही अक्षराचे यूटीएफ-८ बाइट हेक्स जोड्यांत लिहिता येतात.

अधिकच्या चिन्हाकडे लोकांचं लक्ष जात नाही. ‘सी++ गट’ नावाचा ग्रुप केला की ‘सीएन=सी\+\+ गट’ लिहावं लागतं. नाहीतर सर्व्हर अधिकनंतर त्याच आरडीएनची दुसरी जोडी शोधतो, कारण अधिक हे एका आरडीएनमधल्या जोड्या जोडणारं चिन्ह आहे.

सुरुवातीचा हॅश म्हणजे ‘पुढे बीईआर या बायनरी स्वरूपातले बाइट हेक्समध्ये येत आहेत’ ही खूण. #०४०२४८६९ म्हणजे ऑक्टेट स्ट्रिंग, लांबी २, बाइट ४८ आणि ६९. म्हणून ‘#१ कक्ष’ हे नाव ‘\#१ कक्ष’ असंच लिहा. हॅश मध्ये कुठे असेल तर निरुपद्रवी.

शेवटच्या स्पेससाठी ‘बॅकस्लॅश-स्पेस’ कायदेशीर आहे, पण वापरू नका. हाच डीएनचा शेवट असेल तर कुठलातरी फॉर्म किंवा कॉन्फिग वाचणारा कोड टोकाच्या स्पेस छाटतो आणि मागे एकटा बॅकस्लॅश उरतो. \२० लिहिलं तर छाटण्यासारखं काही राहतच नाही.

जुन्या १७७९ च्या काळात व्हॅल्यू अवतरणांत देता येत असे, दोन आरडीएनच्या मध्ये कॉमाऐवजी अर्धविराम चाले, कॉमाभोवती स्पेस चालत. काही सर्व्हर अजून हे वाचून घेतात. म्हणूनच एका सर्व्हरवर चालणारी कॉन्फिग फाइल दुसऱ्यावर ३४ देते. जुनं रूप सापडलं की बदलून टाका.

बॅकस्लॅश कुठे गळतो

शेलमध्ये अवतरणांशिवाय लिहिलेला \, म्हणजे नुसता कॉमा. एकेरी अवतरणांत तो जसाच्या तसा राहतो. बॅशच्या दुहेरी अवतरणांत \, टिकतो पण \\ चा एक होतो. एकेरीच वापरा, विचार करावा लागत नाही.

जेसनमध्ये \, अवैध आहे, \\, लिहायचं. यामलमध्ये दुहेरी अवतरणांत तीच अडचण, एकेरीत नाही.

प्रोग्रामच्या कोडमध्ये हेक्स रूप लिहिताना सापळा आहे. पायथन, जावा, सी, आणि पीएचपीची दुहेरी अवतरणं, या सगळ्यांत \२सी हे ‘ऑक्टल २ हे कंट्रोल कॅरेक्टर, त्यापुढे सी हे अक्षर’ असं वाचलं जातं. कोणी तक्रार करत नाही. सर्व्हरला व्याकरणशुद्ध पण भलतंच नाव पोचतं आणि ३२ येतो. पायथनमध्ये रॉ स्ट्रिंग वापरा, बाकी ठिकाणी बॅकस्लॅश दुहेरी करा. याहून बरं, डीएन कोडमध्ये हाताने लिहूच नका.

एलडॅप यूआरएलमध्ये बॅकस्लॅश %५सी, स्पेस %२०. इथे नेहमीची चूक म्हणजे कॉमालाच %२सी करणं. यूआरएल उलगडली की तो साधा कॉमा होतो आणि डीएन मोडतो. ‘%५सी,’ किंवा ‘%५सी२सी’ लिहा.

एलडीआयएफ फाइलमध्ये (डिरेक्टरीतल्या नोंदी मजकुरात उतरवण्याचं स्वरूप) बॅकस्लॅशला विशेष अर्थ नाही, डीएन जसा आहे तसाच लिहायचा. तिथे दुसऱ्या दोन गोष्टी नडतात. डीएनमध्ये आस्कीबाहेरचं अक्षर असेल तर ओळ ‘डीएन’नंतर दोन कोलन आणि बेस६४ अशी येते, एकच कोलन शोधणारी स्क्रिप्ट ती नोंद गाळून टाकते. आणि लांब ओळ मोडून पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते. ग्रेपला अर्धाच डीएन मिळतो. ओपनएलडॅपच्या एलडॅपसर्चला ‘-ओ एलडीआयएफ-रॅप=नो’ दिलं की ओळी मोडत नाहीत.

फॉरवर्ड स्लॅश डीएनच्या नियमांत साधं अक्षर आहे. पण जावाच्या जेएनडीआय या डिरेक्टरी लायब्ररीला नाव स्ट्रिंग म्हणून दिलं की ती ते ‘कॉम्पोझिट नेम’ म्हणून वाचते: स्लॅशवर तुकडे पाडते आणि बॅकस्लॅशवरही स्वतःचा हक्क सांगते. तिथे स्ट्रिंगऐवजी एलडॅपनेम या क्लासचा ऑब्जेक्ट द्या, दोन्ही प्रश्न मिटतात. विंडोजच्या एडीएसआय पाथमध्येही स्लॅशआधी बॅकस्लॅश लागतो.

दोष कुठे आहे ते शोधण्याचा क्रम

१. डीएन अंदाजाने लिहू नका. यूआयडी किंवा ईमेलने शोधून सर्व्हरकडूनच मागवा. ॲट्रिब्यूटच्या यादीत ‘१.१’ दिलं तर फक्त डीएन येतो, बाकी पसारा नाही.

२. आलेला डीएन एकेरी अवतरणांत, बेस म्हणून, ‘बेस’ स्कोपने, फिल्टर (ऑब्जेक्टक्लास=*) ठेवून परत विचारा. नोंद आली तर सर्व्हर आणि डीएन दोन्ही ठीक, दोष तुमच्या प्रोग्राममध्ये.

३. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्यक्ष काय पोचलं ते पाहा. ओपनएलडॅपमध्ये लॉगलेव्हल २५६ पुरेसा, त्यात शोधाचा बेस आणि फिल्टर दिसतो. पहिल्या पायरीतल्या ओळीशी ताडून बॅकस्लॅश मोजा. एक कमी असेल तर कुठल्यातरी थराने खाल्ला. जास्त असतील तर कोणीतरी आधीच एस्केप केलेल्या डीएनवर परत एस्केप चालवलं.

४. दुसरा प्रकारच जास्त आढळतो. शोधातून आलेला डीएन एस्केप होऊनच येतो. तो बाइंडला तसाच द्या. एस्केप फंक्शन एका व्हॅल्यूसाठी असतं, पूर्ण डीएनसाठी नाही. पूर्ण डीएनवर चालवलं तर सीमा दाखवणारे कॉमाही एस्केप होऊन आरडीएनच्या सीमाच पुसल्या जातात.

दुरुस्ती

स्ट्रिंग जोडून डीएन बनवणारा आणि कॉमावर स्प्लिट करणारा कोड काढून टाका. पायथन-एलडॅपमध्ये व्हॅल्यूसाठी एस्केप_डीएन_कॅर्स, तुकडे पाडायला एसटीआर२डीएन आणि फिल्टरसाठी एस्केप_फिल्टर_कॅर्स. एलडॅप३ मध्ये एस्केप_आरडीएन आणि पार्स_डीएन. पीएचपीमध्ये एलडॅप_एस्केप, त्याला डीएन की फिल्टर हा फ्लॅग न विसरता. जावामध्ये एलडॅपनेम आणि आरडीएन. वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव सरळ डीएनमध्ये चिकटवणं ही नुसती चूक नाही, सुरक्षेचं भगदाडही आहे: नावाच्या खणात ‘काहीतरी,ओयू=प्रशासक’ लिहून कोणीही झाडातली जागा बदलू शकतो.

तुलनाही लायब्ररीकडूनच करून घ्या. ओपनएलडॅप कॉमा \२सी असा परत देतो, ॲक्टिव्ह डिरेक्टरी \, असा. दोन्ही बरोबर, दोन्ही एकच डीएन, पण स्ट्रिंग म्हणून वेगळे. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलं की ग्रुप ‘हरवतात’ ते यामुळे. सगळं लहान (लोअरकेस) अक्षरांत करून ताडणंही पुरत नाही. अधिकने जोडलेल्या जोड्यांचा क्रम कसाही असू शकतो, आणि सीएनसारख्या ॲट्रिब्यूटच्या तुलनेत आतल्या सलग स्पेस एकच धरल्या जातात. देवनागरीत नुक्त्याचं अक्षर एकाच कोडने किंवा मूळ अक्षर अधिक नुक्ता असं दोन कोडने लिहिता येतं. नियम पाळणारा सर्व्हर तुलनेआधी दोन्ही एका साच्यात आणतो, तुमची स्ट्रिंग तुलना नाही आणत. हेक्समध्ये पाहायचं तर प्रत्येक देवनागरी कोडचे तीन बाइट होतात: अ म्हणजे \ई०\ए४\८५. हे तीन मधेच तोडले तर अक्षर मोडतं.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पुसलेल्या नोंदींच्या नावात \०एडीईएल: आणि एकाच नावाच्या दोन नोंदींची टक्कर झाली तर \०एसीएनएफ: दिसतं. ते \०ए म्हणजे नवी ओळ हे खरं अक्षर आहे. डीएन उलगडून लॉगमध्ये किंवा सीएसव्हीत लिहिला की ओळ मधेच तुटते. असे डीएन एस्केप रूपातच साठवा.

सर्टिफिकेटमधून आलेलं नाव डिरेक्टरीशी जुळत नसेल तर आधी क्रम पाहा. मजकुरातल्या डीएनमध्ये यादीतला शेवटचा आरडीएन पहिला लिहितात, सर्टिफिकेटची साधनं मात्र पुष्कळदा मूळ क्रमाने, म्हणजे देशापासून सुरुवात करून छापतात. ओपनएसएसएलला ‘-नेमऑप्ट आरएफसी२२५३’ दिलं की उलटा, म्हणजे आपल्याला हवा तो क्रम मिळतो. राज्यासाठी नियमातलं संक्षिप्त नाव एसटी आहे. मायक्रोसॉफ्टची साधनं नुसतं एस छापतात, ते दुसरीकडे ओळखलं जाईलच असं नाही. शंका आली तर ओआयडी, म्हणजे ॲट्रिब्यूटचा ठरलेला क्रमांक, वापरा, एसटीसाठी २.५.४.८.

नवीन झाड उभं करत असाल तर नोंदीचं नाव सीएनऐवजी यूआयडीवर ठेवा आणि ‘आडनाव, नाव’ डिस्प्लेनेममध्ये जाऊ द्या. जुन्या नोंदींचं नाव बदलायचं तर मॉडिफाय-डीएन क्रियेला दिलेला नवा आरडीएनही एस्केप केलेलाच हवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ग्रुपमधले संदर्भ स्वतः बदलते. ओपनएलडॅपमध्ये त्यासाठी रेफइंट ओव्हरले (संदर्भ जुळते ठेवणारं जोड-मॉड्यूल) चालू असावा लागतो, नाहीतर मेंबरमध्ये जुने डीएन तसेच राहतात. तुमच्या प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये साठवलेले डीएन दोन्हीकडे शिळे होतात. तिथे डीएनऐवजी नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे एंट्रीयूयूआयडी (ओपनएलडॅप) किंवा ऑब्जेक्टजीयूआयडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी), ठेवा. नाव बदललं तरी ते बदलत नाहीत.